बॅटरीवरचा आळ : सुरू न होणाऱ्या जुन्या पिकअपविषयीचे गैरसमज

जुन्या डिझेल पिकअपसंबंधी मीरा-भाईंदरमध्ये सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा, की सकाळी सेल्फ मारूनही इंजिन सुरू झाले नाही म्हणजे बॅटरी गेली. उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावरून मासळी नेणारी गाडी असो, की भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी वाहणारी, निदान बहुधा याच एका वाक्यावर थांबते. मग नवी बॅटरी बसते आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा तशीच उभी राहते. हा समज इतका चिवट असण्याचे कारण म्हणजे त्याला पुरावा मिळतो: अडलेल्या गाडीची बॅटरी खरोखरच उतरलेली असते. परंतु येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते, कारण इंजिन अन्य दोषामुळे पेट घेत नाही, चालक दहा-पंधरा वेळा सेल्फ मारतो आणि त्यातच चांगली बॅटरी रिकामी होते.

वास्तविक ‘गाडी सुरू होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात. इंजिन फिरतच नसेल, किंवा कण्हत-कण्हत फिरत असेल, तर दोष विजेच्या बाजूला शोधावा. ते नेहमीच्या वेगाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर बॅटरीने आपले काम केलेले आहे आणि तिला बदलण्यात पैसे घालवण्यास काहीही आधार नाही. हा भेद कानाला कळतो, त्यासाठी उपकरण लागत नाही, आणि तरीही तो क्वचितच केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

इंजिन फिरत नसतानाही बॅटरी हा एकच आरोपी नसतो. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्टला ती साधारण निम्मी उतरलेली असते, आणि बॅटरी-तपासणीच्या रूढ निकषानुसार भाराखाली ती ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. या कसोटीत बॅटरी खरी ठरली आणि तरीही सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी मोटर, रेंगाळत असेल, तर वाटेत वीज कोठे अडते ते पाहावे. सेल्फ शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. वायरीच्या एखाद्या गंजलेल्या जोडात एक शतांश ओहम एवढाच रोध असला, तरी २०० अँपिअरला तेथे २ व्होल्ट खर्ची पडतात. खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या आणि मासळीच्या खोक्यांतील खारट बर्फाचे पाणी चॅसीवर घेणाऱ्या गाड्यांत अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणाऱ्या पट्ट्याचा, जोड असाच आतून कुजतो, वरून तो घट्ट वाटतो. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग दोषी आहे, आणि ते पॉलिश पेपरने घासून साफ करण्याचा खर्च नव्या बॅटरीपुढे नगण्य आहे. धक्क्याने गाडी सुरू झाली म्हणून बॅटरीच दोषी, हा निष्कर्षही याच कारणाने अपुरा ठरतो. सेल्फचे झिजलेले कार्बन किंवा गंजलेले टर्मिनल असतानाही गाडी धक्क्याने सुरू होतेच.

दुसरा आजार, म्हणजे इंजिन फिरते पण पेटत नाही, हा जुन्या डिझेल गाड्यांत अधिक आढळतो आणि त्याचे पहिले उत्तर सायलेन्सरच्या तोंडाशी मिळते. सेल्फ मारताना तेथून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण जळत नाही. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. टाटा २०७ सारख्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्याची ओढदोरी पूर्ण आत न जाणे, आणि विजेने डिझेल बंद करणाऱ्या पंपांत एखादा फ्यूज उडणे, ही त्याची दोन क्षुल्लक कारणे प्रथम पाहावीत. त्यानंतरचे नेहमीचे कारण म्हणजे गाडीने ‘एअर पकडणे’, अर्थात इंधनाच्या नळीत हवा शिरणे. येथे एक बारकावा आहे, जो न कळल्यामुळे अनेक चांगले पंप विनाकारण उतरवले जातात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथील भेगेतून डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत खेचली जाते आणि नळी बाहेरून कोरडीच राहते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे परतते, आणि सकाळी पंपाला हवाच मिळते. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पंप, चालवला, की प्रथम पांढरट फेस, मग तुटक बुडबुडे आणि शेवटी अखंड स्वच्छ डिझेल येते. तेव्हाच स्क्रू आवळावा. ही क्रिया दर सकाळी करावी लागत असेल, तर भेग अजून तेथेच आहे. फीड पंपापूर्वी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, आणि दोष पुष्कळदा जुन्या रबरी नळीत किंवा पुन्हा-पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये निघतो.

डिझेल गाडीचा ‘स्पार्क प्लग’ बदलण्याचा सल्ला निरर्थक आहे, कारण हे इंजिन दाबाने तापलेल्या हवेवर पेटते. त्यात असलाच तर हीटर प्लग असतो, आणि टाटा एससारख्या ७०२ घनसेंटिमीटरच्या, पूर्वकक्षात इंधन सोडणाऱ्या इंजिनात तो जळाल्यास सकाळी पांढरा धूर येतो. थंडीत डिझेल गोठते, हेही येथे लागू नाही: आयएस १४६० या भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलची फिल्टर तुंबण्याची मर्यादा ६ अंश आहे, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर जानेवारीतील किमान तापमानाची सरासरीही १६-१७ अंशांच्या आसपास असते. इंजिन पेटावे म्हणून हवेच्या वाटेवर पेट्रोलचा बोळा धरणे मात्र सरळ धोक्याचे आहे. अवेळी स्फोटाने पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि हातही भाजतो.

गाडी सुरू होऊन थरथरू लागली, की ‘रेस वाढवा’ म्हणून स्क्रू फिरवला जातो. त्याने दोष झाकला जातो, पण दूर होत नाही. संथ गती वर-खाली होत असेल, तर पुन्हा हवेचा संशय घ्यावा. ठेक्याने हिसके बसत असतील, तर एखादा सिलिंडर काम करत नाही. यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझलच्या नळीचा नट एकेक करून किंचित ढिला करावा. जो नट ढिला करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, त्याचा सिलिंडर आजारी. कॉमन रेल प्रणालीच्या, म्हणजे सामाईक नळीत अतिउच्च दाबाने डिझेल साठवणाऱ्या, गाडीवर ही परीक्षा कधीही करू नये, कारण तेथील हजार बारहून अधिक दाबाची धार कातडी भेदून डिझेल आत सोडते, आणि टाचणीएवढ्या दिसणाऱ्या त्या जखमेला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.