एका छपराखाली दोन श्रद्धा

नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत जात नसे. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा आधी पाण्यातून निघायचं. त्या घरातल्या मुलीच्या आईचे वडील १८५७च्या धामधुमीत फासावर गेले होते. तेव्हापासून मुलीच्या वडिलांच्या सोवळ्याला वेडाची कळा आली आणि सगळं घर त्या ओल्या धाकात वाढलं. हीच मुलगी अकरा-बाराव्या वर्षी लग्न होऊन लक्ष्मीबाई टिळक झाली. आणि पुढे हिच्याच घरात, जात न विचारता, पोरकी मुलं येऊन राहू लागली, जेवू लागली, मोठी होऊ लागली.

एवढा पल्ला एका आयुष्यात कसा गाठला गेला असेल? ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र कितीदाही वाचलं, तरी या एका गोष्टीचं नवल ओसरत नाही. उत्तर शोधत गेलं की आपण लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याच्या ख्रिस्ती श्रद्धेपाशी पोचतो. त्याच श्रद्धेने आधी हा संसार मोडायला आणला होता.

हा नवरा म्हणजे नारायण वामन टिळक. ते कवी होते, विद्वान होते, आणि संसारात अगदीच बेभरवशाचे. पैसा हातात आला की घरी पोचण्याआधीच गरजवंताला देऊन मोकळे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात खोल रुतलं. शत्रूवरही प्रेम करा, असं सांगणारी ती शिकवण. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

घरी बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. कुंकू होतं, पण नवरा बाटलेला. त्याच्या हातचं पाणीही चालायचं नाही. त्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आसऱ्याला राहिल्या, पंढरपुरातही दिवस काढले. हा विरह जवळजवळ पाच वर्षं चालला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला नवऱ्याने लग्नानंतर अक्षरओळख करून दिली होती. त्या एकटेपणात ती कविता रचू लागली.

इथे त्या काळचा कायदा पाहण्यासारखा आहे. १८६६ साली सरकारने खास धर्मांतरितांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोडलं, तर तो कोर्टात जाऊ शकत होता. कोर्ट जोडीदाराला विचारी, मग वर्षभर थांबे, आणि तरीही नकारच आला तर लग्न मोडून दोघांनाही मोकळं करी. म्हणजे टिळकांपुढे नवा संसार थाटायची सरकारमान्य वाट होती. मुलावर बापाचाच हक्क, असं मानणारा तो काळ. तरी दत्तू आईजवळ राहिला. टिळक पत्रं लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले.

या वाट पाहण्याचं मूळ मला त्यांच्या नव्या श्रद्धेतच दिसतं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल नेमक्या अशाच जोडप्यांविषयी बोलतो. एक जण विश्वासात आला आणि दुसरा आला नाही, पण तो सोबत राहायला राजी असेल, तर त्याला टाकू नका, असं त्याचं सांगणं आहे. जोडीदाराच्या मनाची मुभा तिथे गृहीत धरलेली आहे. उतावळ्या, तापट स्वभावाच्या टिळकांना पाच वर्षं धीर धरायला लावणारं बळ मला तरी दुसरीकडे कुठे सापडत नाही.

अखेर लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात नवऱ्याकडे परतल्या, त्या आपला धर्म सोबत घेऊनच. एका छपराखाली त्यांचं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. आणि त्यावरून घरात जबरदस्ती नाही. आपण जवळून पाहावा असा क्षण आहे तो त्याच जिल्ह्यातल्या राहुरीचा. तिथे त्यांच्या मनाने जातिभेदाचा हिशोब मांडला. जाती देवाने केल्या की माणसांनी? जनावरांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या का दिसत नाहीत? जन्म सारखा, मरण सारखं, मग विटाळ येतो कुठून? विचार पटला आणि त्यांनी सोवळं सोडलं. तोवर त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. जलालपूरच्या त्या धुण्यापुसण्यातून त्या स्वतःच्या बुद्धीने बाहेर पडल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

म्हणून सारे तंटे मिटले, असं मात्र घडलं नाही. टिळक तापट राहिले, पैशाची उधळण चालूच राहिली आणि दोघांची भांडणंही. पण आता लक्ष्मीबाई त्या उधळणीत भागीदार झाल्या होत्या. नवऱ्याची जी दया त्यांना जाचत असे, तिच्यातूनच निराधार मुलांनी भरलेलं घर उभं राहिलं, आणि त्या घराच्या आई त्याच झाल्या.

१९१९ मध्ये टिळक गेले. येशूचं चरित्र सांगणारं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवरच थांबलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. एके काळी ज्या नावामुळे त्यांचा संसार फाटला, त्याच नावावर त्यांनी साठांहून अधिक अध्याय रचले. जोडीदाराच्या श्रद्धेबद्दल कृतज्ञता मानणं म्हणजे काय, याचं इतकं कष्टाचं उदाहरण मला मराठीत दुसरं ठाऊक नाही.

पुढे, १९३४ पासून, ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत नवऱ्याचा राग, त्याचा विसराळूपणा, आपली झालेली फरफट, सगळं लख्ख लिहिलेलं आहे आणि प्रेमही तितकंच उघड आहे. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर छापून आलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. एकात नवऱ्याचा देव आहे, दुसऱ्यात त्याच्या चुकांसकट नवरा. आणि दोन्हींवर ठसा आहे तो स्वतःच्या पायांनी त्याच्यापर्यंत चालत आलेल्या बायकोचा. टिळकांनी तिला ओढून नेलं असतं, तर यातलं एकही पुस्तक असं उतरलं नसतं.