फौजी रायफल, कारागिराचा हात आणि बाजारभाव

फौजेतून बाद झालेली रायफल जड आणि ओबडधोबड असते. नळीवर लाकडाचे आवरण, टोकाला संगीन अडकवण्याची सोय. पण तिचे पोलाद आणि बोल्ट चांगले असतील, तर कसबी कारागिराच्या हाती तीच शिकारीची देखणी बंदूक बनते. अमेरिकेत या हुन्नरावर मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. तेव्हा आम्ही येथे शिकारीचे नव्हे, मालाला किंमत कशी येते आणि कशी जाते याचे बोलणार आहोत.

अमेरिकन फौजेने १९०३ मध्ये स्प्रिंगफिल्ड रायफल स्वीकारली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी कारखान्यातूनच एक रायफल स्वतःसाठी बदलून घेतली आणि १९०९ च्या आफ्रिका सफरीत नेली. त्या सफरीचे वर्णन वाचून न्यूयॉर्कच्या सीमोर ग्रिफिन या फर्निचर कारागिराने एक स्प्रिंगफिल्ड विकत घेतली व तिला अक्रोडाचा दस्ता घडवला. गिऱ्हाइके येऊ लागली. १९२३ मध्ये लोखंडकामात मुरलेल्या जेम्स हाव यांच्याबरोबर त्याने 'ग्रिफिन अँड हाव' ही पेढी काढली. हाव काही महिन्यांतच बाहेर पडले, पण पाटीवरचे नाव तसेच राहिले. लेखक हेमिंग्वे यांची रायफलही याच पेढीची.

काम मोठे चिकाटीचे. पोलादी भागाला काजळी लावून तो लाकडात दाबायचा, जिथे काळा डाग उमटेल तेवढेच छिन्नीने काढायचे. हे पुन्हा पुन्हा, लाकूड आणि पोलाद यांत केसाचीही फट राहू नये तोवर. मग मुठीवर बारीक जाळीचे कोरीवकाम. दुर्बीण बसवायची तर बोल्टची मूठ आडवी येते, ती तापवून वाकवावी लागते.

मात्र जाणकार गिऱ्हाईक आधी क्रमांक पाहते. स्प्रिंगफिल्ड कारखान्यात १९१८ पर्यंत भट्टीतले पोलाद किती तापले हे कामगार नजरेनेच ठरवीत. लख्ख उन्हात आणि ढगाळ दिवशी तापल्या पोलादाचा रंग सारखा दिसत नाही. त्यामुळे काही रायफली ठिसूळ निघाल्या, काही फुटल्याही. तेथील ८,००,००० च्या खालचा क्रमांक असेल, तर वरचा साज कितीही सुंदर असो, ती रायफल झाडणे धोक्याचे मानतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर फौजी माल स्वस्तात विकला गेला. मग घरोघरी करवती निघाल्या. आता बाजार उलटला आहे. मूळ स्थितीतली फौजी रायफल संग्राहक जास्त दाम देऊन घेतात, घरगुती कापाकापी झालेली मात्र कमी भावात जाते. नामांकित कारागिराची खूण असलेलीचा भाव वेगळा. काही मालक आता जुने फौजी दस्ते शोधून परत चढवतात. दस्ता मिळतोही, पण कापलेली नळी किंवा दुर्बिणीसाठी पाडलेली भोके पूर्ववत होत नाहीत.