नऊ वारांचा बादरायण संबंध

पाडव्याच्या शोभायात्रा झाल्या, की नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या मुलींचे फोटो छापून येतात आणि इंग्रजी मथळ्यात ‘द होल नाइन यार्ड्स’ हमखास डोकावतो. कोटी म्हणून ती खपून जाईल. पण ‘अथपासून इतिपर्यंत’ अशा अर्थाचा हा वाक्प्रचार आपल्या लुगड्यावरूनच इंग्रजीत गेला, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा पुराव्यापुढे टिकत नाही. आणि त्यात आपण एकटे नाही. अमेरिकेत कोणी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशिनगनचा सत्तावीस फुटी काडतूसपट्टा पुढे करतो, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे भाषास्तंभकार विल्यम सफायर यांनी १९८०च्या दशकात काँक्रीटच्या ट्रकची बाजू लावून धरली होती. त्यांचा ट्रक तर मापातच अडकतो. १९६२च्या सुमारास अशा ट्रकची सरासरी क्षमता जेमतेम सव्वासहा घनयार्ड होती!

या सगळ्या मंडळींची चूक एकच. नऊ हा आकडा हाती धरायचा आणि जगात नऊ यार्डांचं काय काय सापडतं ते शोधत सुटायचं. त्याऐवजी जुनी वर्तमानपत्रं चाळली, तर चित्र पालटतं. हे काम एका मेंदूविज्ञान संशोधिकेनं केलं, तेही निव्वळ छंद म्हणून. २०१२मध्ये केंटकीतल्या एका गावच्या पत्राचे १९१२चे अंक उजेडात आले आणि त्यांत हाच वाक्प्रचार निघाला, फक्त यार्ड नऊ नव्हते, सहा होते. लगोलग इंडियानातल्या मिचेल गावच्या पत्रात १९०७ आणि १९०८चे उल्लेख मिळाले, तिथे मात्र नऊच. महायुद्धातला काडतूसपट्टा इथेच निकालात निघतो. आकडाही पक्का नव्हता, हे त्याहून मोलाचं. ‘येल बुक ऑफ कोटेशन्स’चे संपादक फ्रेड शपिरो यांच्या मते आकडा बोलता बोलता फुगत गेला, त्यामागे कुठली ठोस वस्तू शोधण्यात अर्थ नाही. नऊ सहाच्या आधी छापले गेल्यानं फुगण्याची गोष्ट थोडी लंगडते. पण मुख्य मुद्दा पटतो. ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणताना आपण तरी कुठे भानगडी मोजतो? (सहा यार्डांवर सहावारीवाल्यांनीही हक्क सांगायला हरकत नाही.)

यावर कोणी म्हणेल, पायजमा आणि बंगला इंग्रजीत गेले, मग नऊवारी का नाही? जाऊ शकली असती. पण ते शब्द हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या लेखनातून वाट काढत गेले आणि ती वाट कागदोपत्री दाखवता येते. या वाक्प्रचाराची सापडलेली जुनी पावलं अमेरिकेच्या अंतर्भागातली, छोट्या गावांतली आहेत. तिथे तो बेसबॉलच्या सामन्याच्या बातमीत येतो, मासेमारीच्या फुशारक्यांवरच्या टोमण्यात येतो. साडीचं नावही नाही. अर्थ सारखा वाटतो म्हणून नातं जोडायचं, तर मग कुठलंही नातं जोडता येईल.

तरी एक आक्षेप सहज उडवून लावता येत नाही. यार्ड हे अखेर कापडाचं रोजचं माप, मग मुळाशी कापड असेलच ना? शपिरोंनी आकडा नाकारणं रास्त असलं, तरी मापालाही काहीच अर्थ नव्हता हे मानणं जड जातं. मिचेलच्या इंडियानातच १८५५मध्ये एक विनोदी किस्सा छापून आला होता. तीन सदऱ्यांसाठी आणवलेलं नऊ यार्ड कापड बाईनं एकाच सदऱ्यात घातलं, आणि त्या अगडबंब सदऱ्यात न्यायाधीशमहाराज गुरफटून गेले. वाक्प्रचार या किस्स्यातूनच निघाला असं सिद्ध होत नाही, मधली पन्नास वर्षं कोरीच आहेत. पण कापडाचा हट्टच असेल, तर आज दाखवता येण्याजोगं कापड हेच, आणि ते नेसायचं नव्हतं, शिवायचं होतं.