भट्टीचा धूर आणि उचलीचा हिशेब

संपादकांना हवा होता कोळशाच्या रसायनावरचा लेख. म्हणून उजनी धरणाच्या फुगवट्याकडच्या वेड्या बाभळीच्या रानात गेलो. दिवाळीनंतर रायगडातली कातकरी कुटुंबं इथे भट्ट्या लावायला येतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. खैराचा कात काढणं हा त्यांचा पूर्वापार धंदा. जंगल सरकारकडे गेलं, खैर तोडणं गुन्हा झालं आणि हाती कोळसा आला.

भट्टी म्हणजे रचलेले ओंडके, वर गवत-पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि तळाशी हवेपुरती भोकं. हवा बेताची मिळाली तर कोळसा, जास्त मिळाली तर राख.

तिथले मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) धुरावरून नजर हलवत नाहीत. धूर दाट, पांढरा होता. "अजून पानी जातंय," ते म्हणाले. खरंच, पाणी निघून जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या फारसं वर सरकत नाही. मग २०० च्या पुढे लाकडातलं हेमिसेल्युलोज मोडतं, ३०० च्या पुढे सेल्युलोज. धूर पिवळट होतो, डोळ्यांत झोंबतो. त्यात ॲसिटिक आम्ल, मिथेनॉल आणि डांबर असतं. याच सुमारास लाकूड स्वतःच उष्णता सोडू लागतं आणि भट्टी सांभाळणं अवघड होतं.

लाकडातलंच लिग्निन मात्र हट्टी. ते दोनशेच्या आतच सुटू लागतं, पण आठ-नऊशेपर्यंत रेंगाळतं. त्याच्या बेंझीनच्या कड्या सहजी तुटत नाहीत. सेल्युलोजचा बराचसा भाग वायू आणि वाफा होऊन उडून जातो. लिग्निनचा मात्र सुमारे ४० टक्के भाग मागे उरतो. धुराच्या ओळखीच्या वासातला गुआयकॉलही त्याचाच. मामांना यातलं एकही नाव ठाऊक नाही. धूर पातळ, निळसर झाला की भोकं बुजवायची, एवढं ठाऊक आहे, आणि ते अचूक आहे.

मी उभा होतो तेवढ्यात माती एका बाजूला खचली, भेग पडली. मामा फळीवर चढले, मामींनी ओल्या मातीचं घमेलं वर दिलं. मामांनी हातानेच भेग लिंपली. पायाखाली पोकळी असेल तर माणूस थेट आत जातो. मला तिथे बघवेना.

इतकं करून मातीच्या भट्टीत १०० किलो कोरड्या लाकडातून जेमतेम १५-२० किलो कोळसा निघतो. बंद भांड्यात ३० पर्यंत जाता येतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटासाठी असं तंत्र बसवलं. पिंपात पाचट कोंडायचं आणि त्यातून निघणारा वायू जाळून पिंपालाच आच द्यायची. २००२ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण लाकूडतोड जिथे, भट्टी तिथे. लोखंडी भांडं कोण विकत घेणार आणि रानोमाळ कोण वाहून नेणार? वाया गेलेल्या लाकडाची झळ भट्ट्या लावून घेणाऱ्या शेठला कुठे बसते?

ती बसते मजुराला. कुटुंब निघण्याआधीच उचल घेतं, आणि मजुरी ठरते गोणीवर. रात्री भेग लक्षात आली नाही आणि निम्मी भट्टी राख झाली, तर तोडणीचे, रचणीचे दिवस कुणी धरत नाही. गोण्या कमी पडल्या की उचल फिटत नाही, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामालाही इथेच आणते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरी कातकरी कुटुंबांना भट्ट्यांवरून सोडवून आणल्याच्या बातम्या येतच असतात.

मागच्या सालची फिटली का, असं मामांना विचारलं.

"शेठच्या वहीत बघाया लागंल," ते म्हणाले. ती वही त्यांनी अजून पाहिलेली नाही.