संकेतस्थळांची साधने आणि संग्रामपूरचा शेतकरी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातील शेतकऱ्यालाही आज सातबारा मोबाइलवर पाहता येतो. संकेतस्थळावर जिल्हा निवडताच तालुक्यांची यादी बदलते, ती कशी, हे आपण समजून घेऊ.

पानातील जावास्क्रिप्ट ही भाषा सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती मागवते. पूर्ण पान पुन्हा उतरवावे लागत नाही. या पद्धतीस २००५ साली ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. तेच काम प्रत्येकाने नव्याने लिहू नये, म्हणून लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचे संच, निर्माण झाल्या. २००६ मध्ये जेक्वेरी आली. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट सर्वांसाठी खुली केली. दोन्ही विनामूल्य आहेत.

परंतु लायब्ररीचे ओझे अखेर वापरणाऱ्याच्या मोबाइलवर पडते. रेंज क्षीण असेल, तर पान दिसूनही बटण चालत नाही. मध्येच संपर्क तुटला, तर भरलेला अर्ज पुसला जाऊ शकतो आणि शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. यावर उपाय आहेत. ‘सर्व्हिस वर्कर’ पान मोबाइलमध्येच साठवून ठेवतो. अर्धवट अर्जही तेथेच जपता येतो.

संकेतस्थळे घडवणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : आपले काम शहरातील वेगवान संगणकावर नव्हे, तर खेड्यातील साध्या मोबाइलवर पारखून पाहावे.