बोनेट ते डिकी: तांब्याची वाट

पावसाळ्यात भुशी धरणाच्या रांगेत गाडी अडकली, की माझ्या गाडीचे हेडलाइट गाण्याच्या ठेक्यावर मिचमिचायचे. बॅटरी बदलली, तरी तेच. शेवटी कामशेतच्या एका वायरमनदादांनी डिकीतल्या ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) गेलेली तार चिमटीत धरून पाहिली. "साहेब, तहान घागरीची आणि पाजताय चमच्यानं!"

६०० वॅटचा ॲम्प पूर्ण जोरात वाजताना, उष्णतेत जाणारी वीज धरून, साधारण ७५० वॅट ओढतो. घरच्या २३० व्होल्टवर ते सव्वातीन अँपिअरचं काम. गाडीत इंजिन चालू असताना मिळतात जेमतेम १४ व्होल्ट, म्हणून तिथे ५० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो.

हे गणित मावळाला जुनं आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी १९१५ साली खोपोलीच्या टर्बाइनवर पडू लागलं. टाटांची ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली ती लाखभर व्होल्टच्या दाबाने. दाब चढवला, म्हणून प्रवाह आटोक्यात राहिला आणि इतक्या लांबवर गळती परवडली. गाडीत दाब ठरलेला, तिथे तारच जाड करावी लागते. माझी होती ४ चौरस मिलिमीटरची. डिकीपर्यंतच्या ५ मीटरमध्ये ती एक व्होल्टहून जास्त खायची. दादांनी २५ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची टाकली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. दिसायला तीच, पण तेवढ्याच जाडीत कमी प्रवाह वाहून नेते. दादा आधी टोक खरवडून आतला रंग बघतात.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसला. पुढे कुठे तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर आग लागण्याआधी तो उडायला हवा. तार जिथून आत येते, त्या पत्र्याच्या भोकात रबरी कडं बसवलं, तेही त्याचसाठी. सगळ्यात जास्त वेळ गेला अर्थिंगला. डिकीतल्या बोल्टखालचा रंग दादा पॉलिश पेपरने घासत राहिले, चंदेरी पत्रा दिसेपर्यंत. जेवढा प्रवाह आत येतो, तेवढाच इथून परत जातो. इथे रंगाचा पापुद्रा राहिला, तर वरची जाड तार फुकट.

दिवे मिचमिचण्याचं मुख्य कारण मात्र अल्टरनेटर. रांगेत इंजिन मंद चालतं, तेव्हा तो कमी वीज देतो. वायपर, दिवे, ब्लोअर आधीच खात असतात. "रांगेत आवाज उतरवायचा," दादांनी बजावलं.

मग इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १४.१. आवाज चढवून ॲम्पवर १३.८.