चुरमुऱ्यांची वाटी

सकाळी ७.३०
दवाखान्याचं शटर वर करते, हॉट पॅकची टाकी चालू करते. पाणी तापेपर्यंत कालची वही चाळते. प्रत्येक नावापुढे दोन आकडे: हात किती सरळ झाला, किती वाकला. रोजच्या बहुतेक कामांना कोपराची साधारण ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते. घास तोंडाशी न्यायचा, फोन कानाला लावायचा, तर त्यातलं वरचं टोक गाठावं लागतं. दुखापतीनंतर कोपर फार लवकर आखडतं, म्हणून मला हे आकडे रोज हवे असतात.

८.००
पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ, कणीक तिंबताना जीव जातो. टेनिस एल्बो. "सचिनला झालं होतं तेच का हो?" तेच. २००४ मध्ये याच दुखण्यामुळे तो संघाबाहेर बसला, २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काकूंना त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही; बहुतेकांना पडत नाही. पण नुसत्या विश्रांतीनं हे जात नाही, कंडरेला हळूहळू भार सोसायला शिकवावं लागतं. टेबलाच्या कडेवर हात, तळवा खाली, मुठीत अर्ध्या किलोचं वजन. मनात चार मोजत मनगट खाली सोडायचं, वर आणताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची. कळ सोसवेल इतपत चालेल, त्यापुढे नाही.

१०.००
आठ वर्षांचा मुलगा. पेरूच्या झाडावरून पडताना हात टेकला आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तारा निघाल्या, गेल्या आठवड्यात हात ९५ अंशांपर्यंत वाकत होता. आज ८०. कोपराला हात लावला तर गरम, पुढचा स्नायू टणक. शर्टाच्या बाहीला तिळाच्या तेलाचा वास.

"आज्जी, मालिश केलंत?"

"रोज. आणि थोडं ओढून वाकवते. रडतो, पण मोकळं नको व्हायला?"

चूक त्यांची एकटीची नाही. सगळं गाव हेच सांगतं. मी त्यांना खाली बसवून सांगितलं: मार बसलेलं कोपर चोळलं, जोरानं ओढलं, तर स्नायूच्या आत हाड धरू शकतं, आणि मग हात कायमचा अडकण्याची भीती. तेलाची बाटली आजपासून बंद. त्याचा हात त्यानंच हलवायचा.

आज्जींचे डोळे भरले. "मग मी काय करू गं?"

मी चुरमुऱ्यांची वाटी आणली. दुखऱ्या हातानं एकेक चुरमुरा. त्यानं बोटांत पकडला, हात जमेल तेवढा वर आणला आणि उरलेलं अंतर मान खाली घालून भागवलं. रडला नाही. मुलांचं कोपर पुष्कळदा असंच, खेळता-खाता सुटत जातं. त्याला वेळ द्यायला मोठ्यांना जमत नाही. आज शेक दिला नाही, चिठ्ठी लिहून त्याला सर्जनकडे एक्स-रेला पाठवलं.

दुपारी १.००
डबा.

४.००
गवंडीकाम करणारे दादा. हाडवैद्याच्या पट्ट्यांत हात दोन महिने बांधलेला होता. ४५ ते ९० मध्येच अडकलाय, तीन महिन्यांत पुढे सरकलेला नाही. व्यायामानं एवढंच होईल, आता सर्जनचं मत घेऊ, हे आज स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

६.००
भालाफेक करणारी कॉलेजची मुलगी. "मॅडम, कधी फेकू?" नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, जानेवारी २०२० मध्ये त्यानं दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. मधले आठ महिने तिला तोंडपाठ आहेत. आज भाला नाही. कंबर, पाठ, खांदा. तिथली ताकद कमी पडली की सगळा ताण कोपरावर येतो.

रात्री ८.३०
शटर ओढताना आज्जींचा फोन. एक्स-रेत सध्या काही दिसत नाही, डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत बोलावलंय.

"अर्धी वाटी संपवली गं, त्याच हातानं. पण अजून मान खाली घालतो."

"घालू द्या, आज्जी."

वहीत त्याच्या नावापुढे ८० लिहिलं.